‘स्टॉक करून देतो’ म्हणणाऱ्या डीलरकडून ऑक्टाव्हिया घ्यावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी तासगावचा, वय २७. यंदा बेदाण्याला बरा भाव मिळाला म्हणून वडिलांनी गाडीला हो म्हटलं. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय ऑटोमॅटिक बघितली. बंगळूरु पासिंग, मीटरवर ६१ हजार. ‘स्टेज २’ केलीय म्हणतात : रीमॅप म्हणजे इंजिनचा प्रोग्रॅम बदललेला, डाऊनपाइप म्हणजे टर्बोमागचा एक्झॉस्टचा पाइप, मोठा इंटेक म्हणजे हवा ओढणारा पाइप, लोअर केलेलं सस्पेन्शन, १८ इंची चाकं. गाडी पळते म्हणजे काय सांगू! किंमत साडेअकरा लाख, मी २५ हजार टोकन दिलंय. डीलर म्हणतो, “घरच्यांना आवाज नको असेल तर आठ दिवसांत सगळी स्टॉक, म्हणजे कंपनीची होती तशी, करून देतो, जुने पार्ट गोदामात आहेत.” वडील म्हणतात, दुसऱ्याने तुडवलेली गाडी नको. घ्यावी का? आणि घ्यायची तर काय बघून घ्यावी?

उत्तर : दादा, पहिलं काम आजच करा. डीलरला फोन लावा आणि सांगा, मी तपासून घेईपर्यंत या गाडीचा एक नटही हलवायचा नाही. ‘स्टॉक करून देतो’ ही तुम्हाला सवलत वाटतेय; मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच वाटली. गाडी आज जशी उभी आहे, तशी ती काय सोसून आलीय हे तिच्या अंगावर दिसतं. जुना पाइप चढवला, जुना प्रोग्रॅम परत टाकला, की ते दिसायचं बंद होतं. झिजलेला क्लच मात्र झिजलेलाच राहतो. पुढच्या वर्षी गिअरबॉक्स बसला की डीलर म्हणायला मोकळा, आम्ही तर कंपनीची होती तशीच दिली होती.

मॉडिफाय केलेली गाडी वाईटच, असं मी म्हणत नाही. मिरजेत माझ्या गॅरेजला अशा गाड्या येतात. काहींच्या मालकांकडे प्रत्येक पार्टचं बिल असतं. रीमॅप कुणी केला, किती ऑक्टेनच्या पेट्रोलवर केला, ऑइल कधी बदललं, सगळं वहीत लिहिलेलं. तशी गाडी त्या मालकाकडून थेट घ्यायला माझी हरकत नाही. डीलरपर्यंत येता येता ही माहिती गळून जाते. तो गाडी लिलावातून किंवा दुसऱ्या डीलरकडून उचलतो आणि ‘स्टेज २’ हे त्यानेही ऐकलेलंच असतं. त्याला विचारा, मॅप कुणाचा, टॉर्क (इंजिनचा ओढायचा जोर) किती ठेवलाय, पहिला मालक किती दिवस असा चालवत होता. उत्तरं आली नाहीत तर तो लबाड आहे असं लगेच धरू नका, त्याला खरंच माहीत नसेल. पण मग त्या पार्टसाठी एक रुपयाही जास्त मोजायचं कारण नाही.

आता गिअरबॉक्सकडे या, कारण या गाडीत पैसे तिथे जातात. १.८ टीएसआयला कंपनीने १८० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क दिलाय. तिच्या सात गिअरच्या डीएसजीला, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, डीक्यू २०० म्हणतात. त्यात दोन क्लच, दोन्ही कोरडे, आणि त्याची मर्यादाच २५० न्यूटन मीटर. म्हणजे शोरूममधून निघाली तेव्हाच ती मर्यादेला टेकलेली होती. इंजिनात याहून जास्त दम आहे हे कंपनीलाही ठाऊक होतं. परदेशात हेच १.८ इंजिन फोर बाय फोर ऑक्टाव्हियात २८० न्यूटन मीटर देतं, पण तिथे गिअरबॉक्स ऑइलमधल्या, ओल्या क्लचचा. आपल्याकडे २०१७ मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसला २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर होते. तिलाही सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी दिला. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी टॉर्क वाढवताना आधी गिअरबॉक्स बदलला. तुमच्या गाडीत टॉर्क तीनशेच्या वर नेलेला असणार आणि गिअरबॉक्स तोच आहे.

या गिअरबॉक्समध्ये १, ३, ५, ७ एका क्लचवर चालतात आणि २, ४, ६ आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. त्यामुळे मोकळ्या हायवेवर पळवून काही कळत नाही, पळताना या गाड्या छानच वाटतात. विश्रामबागच्या गर्दीत अर्धा तास चालवा, गिअरबॉक्स तापू द्या. मग ब्रेकवरचा पाय अलगद सोडत गाडी सरपटत न्या आणि पहिल्यातून दुसरा पडताना ती थरथरते का बघा. नंतर एखाद्या चढावर, हवं तर दंडोबाच्या रस्त्यावर, रिव्हर्समध्ये हळू मागे चढवा. दुसऱ्यातही थरथर आणि रिव्हर्सलाही थरथर असेल, तर सम गिअरचा क्लच संपत आलाय. मीटरमधला गिअरचा आकडा लुकलुकायला लागला किंवा एका क्लचचे सगळेच गिअर पडेनासे झाले, तर संशय मेकॅट्रॉनिकवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कॉम्प्युटर-हायड्रॉलिक युनिटवर. दोन्ही कामं लाखाच्या भाषेतली आहेत.

ट्रायलच्या आधी गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावा. लावणारा माणूस तुमचा असू दे, डीलरचा नको. ‘एकही एरर नाही’ एवढ्यावर खूश होऊ नका. एरर पुसणं हे दोन मिनिटांचं काम आहे. पण एरर पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडा इंजिनचा कॉम्प्युटर स्वतः ठेवतो. मागे एक गाडी खरेदीआधी दाखवायला माझ्याकडे आली होती. चेक लाइट बंद, मेमरी साफ. तो आकडा होता ९ किलोमीटर, म्हणजे डीलरच्या दारापासून माझ्या गॅरेजपर्यंतचं अंतर. त्याच स्कॅनरवर ‘रेडिनेस’ बघायची, गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सरच्या चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर एक तर मेमरी नुकतीच पुसलीय किंवा तिथे काहीतरी काढून टाकलंय. इंजिनच्या सॉफ्टवेअरचा कॅलिब्रेशन नंबर आणि त्याची पडताळणी संख्याही वाचता येते. ती त्याच सालच्या, त्याच सॉफ्टवेअरच्या स्टॉक गाडीशी ताडून बघायची. जुळली नाही तर रीमॅप नक्की. जुळली तरी निर्धास्त होता येत नाही, कारण काही जण ती संख्या तशीच ठेवून आतला मॅप बदलतात.

‘स्टेज २’ चा डाऊनपाइप म्हणजे बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला, नाहीतर विरळ जाळीचा बसवलेला. असं केलं की मागचा सेन्सर पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही, ही एरर देतो, म्हणून मॅप करणारा ती एररच बंद करून ठेवतो. लाइट कधी लागत नाही आणि घेणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. “जुने पार्ट गोदामात आहेत” म्हणाला ना? गोदामात जा आणि मूळ कन्व्हर्टर डोळ्यांनी बघा, त्यावरचा पार्ट नंबर बघा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. काढलेला कन्व्हर्टर भंगारात चांगल्या पैशाला जातो, म्हणून तो सहसा गाडीमागे फिरत नाही. तो नसेल तर ‘स्टॉक करून देतो’ या बोलण्याला काही अर्थ नाही.

आणि मूळ कन्व्हर्टर लागणारच आहे, कारण गाडी कर्नाटकची आहे. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणायची, इथला टॅक्स भरायचा आणि एमएच १० नंबर घेताना गाडी सांगलीच्या आरटीओला तपासणीसाठी उभी करायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आवाज आणि धूर यांचं कलम १९० वेगळं, तिथे पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. बदल बंगळूरुच्या माणसाने केला हे खरं, पण आरसीवर नाव तुमचं आल्यावर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. “येईल पंधरा दिवसांत” म्हणत ताटकळलेले लोक मी बघितलेत, वर्षभर परक्या नावावर गाडी चालवतात.

डीलरचे कागदही बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आहे, आणि गाडी ताब्यात घेताना मालकासोबत फॉर्म २९ सी ऑनलाइन भरायचा आहे. तो भरला असेल तर गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सरकारदरबारी नोंद असते. तो नसेल आणि तुमच्यापुढे फक्त आधीच्या मालकाच्या सह्या केलेले कोरे टीटी (नाव बदलायचे) फॉर्म आले, तर तिथून उठा.

इन्शुरन्सचं थोडक्यात : मालकी बदलल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. आणि बदल कंपनीला लेखी कळवायचे. न कळवलेल्या रीमॅपवर अपघाताचा क्लेम अडकला तर तुमची बाजू लंगडी पडते.

पुराचं पाणीही बघून घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आपल्याकडच्या किती गाड्या बुडाल्या हे तुम्हाला सांगायला नको. बंगळूरुतही सप्टेंबर २०२२ मध्ये तळघरांत उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज न दिसणाऱ्या भागावर गाळाची रेघ राहते. स्टेपनीचा खळगा आणि सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, गालिच्याखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज आहे का बघा. मॉडिफाय केलेल्या गाडीत जादा वायरिंग असतंच, त्यात पाणी गेलेलं असेल तर दोष शोधताना चांगल्या वायरमनलाही घाम फुटतो.

एवढं करून काय? साडेअकरा लाखाला ही गाडी मी तुम्हाला घेऊ देणार नाही. वरच्या सगळ्या तपासण्या नीट निघाल्या, मूळ कन्व्हर्टर आणि मूळ चाकं समोर आली, बंगळूरुच्या सर्व्हिस सेंटरमधून किलोमीटरचा इतिहास जुळला, तरी क्लचच्या कामाचा खर्च किमतीतून वजा करून बोला. याला डीलर तयार नसेल तर दुसरी १.८ शोधा, स्टॉक, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्डवाली. १८० पीएस कमी नाहीत. वडिलांना ती एकदा चालवायला द्या, त्यांचा विरोध पळण्याला नाही, दुसऱ्याने गाडीचं काय केलं हे माहीत नसण्याला आहे, आणि त्यात ते बरोबर आहेत.

टोकनचं : व्हॉट्सअॅपवर लेखी पाठवा की टोकन तपासणी आणि एनओसीच्या अटीवर आहे, अट पुरी झाली नाही तर परत हवं. पावती नसेल तर मागा. अडवलं तर सांगलीत जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

प्रश्न : मी साताऱ्याची, नोकरी करते. गेल्या वर्षी डीलरकडून लोअरिंग स्प्रिंग लावलेली पोलो जीटी टीएसआय घेतली. पुढचे टायर आतल्या बाजूने झिजतात. अलाइनमेंट दोनदा केलं. डीलर म्हणतो, लोअर गाडीत हे चालायचंच.

उत्तर : चालायचं नाही, ताई. गाडी खाली बसली की पुढची चाकं वरच्या बाजूने आत कलतात, त्याला कॅम्बर म्हणतात. नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये बहुतेक फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, सेट करतात, म्हणून दोनदा करूनही फरक पडला नाही. पुढच्या वेळी आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या, त्यात कॅम्बर लाल दिसेल. उपाय एकच, मूळ मापाचे स्प्रिंग परत बसवा. त्या वेळी शॉकअॅब्सॉर्बर आणि वरचे माउंट तपासून घ्या, कारण छोट्या स्प्रिंगवर स्टॉक शॉक लवकर जातात आणि साताऱ्यातले स्पीडब्रेकर त्यांना आणखी लवकर संपवतात.

टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. डीलरने गाडी चकचकीत दिसावी म्हणून जुने टायर काळे करून दिलेत का, ते यातून कळेल. आणि कासला किंवा खंबाटकीतून पुण्याला निघण्याआधी स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली कड बॅटरी लावून बघा. तारा दिसल्या तर त्या टायरवर घाट उतरू नका.