ऑफिसच्या सर्व्हरवर गेरिट बसवायचं आहे. मायएसक्यूएल लागतं का, आणि फोल्डरमधल्या फाइलींवर ४०४ का येतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : दहा-बारा जणांची टीम आहे, ग्राहकाशी केलेल्या करारामुळे कोड बाहेरच्या सेवेवर ठेवता येत नाही, म्हणून ऑफिसातल्या उबुंटू मशीनवर गेरिट (गिटमधला बदल मुख्य कोडमध्ये जाण्याआधी तो तपासायचं साधन) बसवायचंय. एका लेखात आधी मायएसक्यूएल बसवा असं लिहिलंय, दुसऱ्यात त्याचं नावही नाही. आणि एन्जिनएक्सच्या (समोर राहून विनंत्या आत पाठवणाऱ्या वेब सर्व्हरच्या) मागे लावून पाहिलं तर रीडमी उघडते, पण फोल्डरमधल्या फाइलींवर ४०४ (पान सापडलं नाही) येतो. आमच्या टीमचा गेरिट सर्व्हर बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या शंकेचं उत्तर सरळ आहे : डेटाबेस बसवू नका. जुन्या गेरिटमध्ये रिव्ह्यूची सगळी माहिती मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसमध्ये जायची. नंतर नोटडीबी आलं. प्रत्येक चेंजवरच्या (तपासायला पाठवलेल्या बदलावरच्या) कॉमेंट, मतं, कोणी कधी काय केलं, हे सगळं त्याच गिट रेपोमध्ये वेगळ्या रेफखाली (ब्रँचसारख्या नावाखाली) साठवलं जाऊ लागलं. २.१६ ही दोन्ही पद्धती चालणारी शेवटची आवृत्ती. २०१९ मध्ये ३.० आली आणि जुना डेटाबेस पूर्णपणे गेला. म्हणून मायएसक्यूएलचा उल्लेख असलेला लेख दिसला की तो २.x च्या काळातला आहे असं धरा आणि बंद करा. त्यातल्या इतर सूचनाही तितक्याच शिळ्या असतात. जावा ८ चंही तसंच : आजच्या आवृत्त्या त्यावर सुरूच होत नाहीत. ज्या आवृत्तीची फाइल उतरवाल, तिच्याच रिलीज नोट्समध्ये कोणती जावा हवी ते दिलेलं असतं. तीच बसवा.

बसवण्याआधी एक गोष्ट टीमशी बोलून घ्या. गेरिट हे अँड्रॉइडच्या गरजेतून घडलेलं साधन आहे. पायथन भाषा घडवणाऱ्या ग्विडो व्हॅन रॉसम यांनी गूगलमध्ये असताना रीटव्हेल्ड नावाचं रिव्ह्यूचं साधन खुलं केलं होतं. त्यातूनच शॉन पिअर्स यांनी गिटसाठी गेरिट उभं केलं आणि पुढे ते जावात नव्याने लिहिलं गेलं. त्यामुळे त्याची सगळी रचना एका कल्पनेभोवती आहे : रिव्ह्यू होतो तो एकेका कमिटचा, अख्ख्या ब्रँचचा नाही. चूक सुधारायची तर वर नवीन कमिट चढवायची नसते, तीच कमिट अमेंड (जागच्या जागी दुरुस्त) करून परत पाठवायची असते. ती त्याच चेंजचा पुढचा पॅचसेट होते. ज्यांचा हात पुल रिक्वेस्टवर, म्हणजे अख्खी ब्रँच तपासायला पाठवण्यावर, बसलाय त्यांना हे सुरुवातीला जड जातं. टीमची तयारी नसेल तर पुल रिक्वेस्टवर चालणारं गीटी किंवा फोर्जेजो बसवा, त्यात काही कमीपणा नाही. फॅब्रिकेटर या रिव्ह्यूच्या जुन्या साधनाकडे मात्र नव्याने वळू नका. त्याच्या मूळ निर्मात्यांनी २०२१ मध्येच काम थांबवलंय. माझं स्वतःचं मत विचाराल तर कोड गंभीर असेल आणि माणसं शिकायला तयार असतील तर गेरिटसारखं दुसरं काही नाही. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्याचा कोड याच साधनातून तपासून पुढे जातो. लिबरऑफिसचाही.

आता प्रत्यक्ष बसवणं. रूटखाली चालवू नका, 'गेरिट' नावाचा वेगळा युजर करा. त्या युजरने वॉर फाइल (गेरिटचा सगळा प्रोग्राम असलेली फाइल) उतरवायची आणि जावा -जार ने तिचा इनिट (साइट उभी करणारी कमांड) चालवायचा, -डी पुढे साइटच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. इनिट एकेक प्रश्न विचारत जातं. बहुतेक ठिकाणी एंटर दाबलं तरी चालतं. दोन ठिकाणी थांबा. 'व्हेरिफाइड' लेबल (चाचण्या पास झाल्याची खूण) हवं का विचारेल तिथे हो म्हणा, पुढे जेनकिन्स (चाचण्या आपोआप चालवणारं साधन) जोडताना ते लागेल. प्लगइनच्या यादीत डाउनलोड-कमांड्स नक्की घ्या. ते नसलं तर दुसऱ्याचा चेंज आपल्या मशीनवर उतरवण्याची तयार कमांड पानावर दिसतच नाही आणि सगळे तुम्हाला विचारत येतात. इनिट पुन्हा चालवलं तरी आधीची उत्तरं टिकतात, त्यामुळे चुकलं तरी घाबरू नका.

झटपट सुरुवातीच्या सूचनांमध्ये इनिटला --बॅच आणि --डेव्ह हे पर्याय दिलेले असतात. --डेव्ह फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर खेळायला वापरा. त्या अवस्थेत लॉगिनचं पान पासवर्ड मागतच नाही. कोणीही कोणाच्याही नावाने आत जाऊ शकतो, अॅडमिनच्यासुद्धा. चाचणीसाठी असा उभा केलेला सर्व्हर चांगला चालतोय म्हणून तसाच टीमला देऊन टाकण्याचा मोह होतो. तो टाळा आणि साइट नव्याने बांधा.

मग लोकांना ओळखायचं कसं? खरा विचार इथे करायचा असतो, कारण सगळे वापरायला लागल्यावर ही पद्धत बदलणं फार त्रासाचं होतं. ऑफिसात सगळ्यांची खाती एका ठिकाणी ठेवणारी अॅक्टिव्ह डिरेक्टरी किंवा ओपनएलडॅप असेल तर डोळे मिटून एलडॅप निवडा. नाव आणि ईमेल आपोआप येतात, आणि माणूस नोकरी सोडून गेला की तिथलं खातं बंद केल्यावर इथलं लॉगिनही थांबतं. तशी सोय नसेल तर एचटीटीपी प्रकार घ्या. यात पासवर्ड तपासायचं काम एन्जिनएक्स करतं आणि गेरिट त्याने पुढे पाठवलेलं नाव खरं मानतं. वाक्याचा शेवटचा भाग पुन्हा वाचा : गेरिट स्वतः काहीच तपासत नाही. म्हणून त्याचं ८०८० पोर्ट नेटवर्कवर उघडं राहिलं तर हवं ते नाव हेडरमध्ये घालून कोणीही आत येईल. गेरिटच्या लिसन-यूआरएल या सेटिंगमध्ये १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) हाच पत्ता द्या, तारांकन ठेवू नका.

एक महत्त्वाची गोष्ट : जो पहिल्यांदा लॉगिन करतो तो अॅडमिनिस्ट्रेटर होतो. तेव्हा सर्व्हर सुरू झाल्याबरोबर, लिंक कोणालाही पाठवण्याआधी, तुम्ही स्वतः आत जा.

आता तुमचा ४०४. रीडमी उघडते आणि फोल्डरमधली फाइल उघडत नाही, या एका लक्षणावरून कारण जवळजवळ नक्की सांगता येतं. गेरिटचं पान फाइलचा पूर्ण मार्ग एका तुकड्यात सर्व्हरला विचारतं आणि त्यातला तिरका दांडा %२एफ असा गुंडाळून पाठवतं. एन्जिनएक्सच्या प्रॉक्सी-पास ओळीत (विनंती कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या) पत्त्याच्या शेवटी दांडा असेल तर एन्जिनएक्स आलेला मार्ग उलगडून नव्याने लिहितं. %२एफचा साधा दांडा होतो, आणि गेरिटला वाटतं की वेगळाच काही पत्ता मागितलाय. रीडमीच्या मार्गात दांडाच नसल्यामुळे ती वाचते. उपाय एका अक्षराचा : प्रॉक्सी-पासमध्ये फक्त होस्ट आणि पोर्ट लिहा, त्यानंतर काही नाही, शेवटचा दांडाही नाही. अपाची वापरत असाल तर हेच काम प्रॉक्सीपासच्या ओळीतलं नोकॅनन आणि वेगळं अलाउ-एन्कोडेड-स्लॅशेस मिळून करतात.

त्याच फाइलमध्ये असताना आणखी दोन ओळी बघून घ्या. एन्जिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती नाकारतं, त्यामुळे कोणी एचटीटीपीएसवरून मोठा पुश केला की ४१३ येतो आणि दोष गिटला दिला जातो. क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइज शून्य ठेवा, म्हणजे ती मर्यादाच उठते. आणि एचटीटीपीएस एन्जिनएक्सवर संपत असेल तर गेरिटच्या लिसन-यूआरएलची सुरुवात प्रॉक्सी-एचटीटीपीएस अशी करा. कॅनॉनिकल-वेब-यूआरएलमध्ये लोक ब्राउझरमध्ये जो पत्ता टाकतात तोच अक्षरशः लिहा. मेलमधल्या सगळ्या लिंक त्यावरूनच बनतात. तिथे मशीनचा आयपी ठेवला तर सर्व्हर हलवल्यावर जुन्या मेलमधल्या सगळ्या लिंक मेल्याच समजा.

मेलचंही लगेच करा, नंतरवर टाकू नका. पुश करताना 'हा ईमेल तुमच्या खात्यात नोंदलेला नाही' अशा अर्थाची चूक पहिल्या आठवड्यात सगळ्यांना येते, कारण कमिटमधला ईमेल आणि गेरिटमधला ईमेल जुळत नाही. दुसरा ईमेल खात्यात जोडायचा तर गेरिट त्या पत्त्यावर खात्रीचा मेल पाठवतं, आणि एसएमटीपी (मेल पाठवायची सोय) चालू नसेल तर माणूस तिथेच अडकतो. त्या चुकीवर तोडगा म्हणून 'फोर्ज कमिटर'ची (दुसऱ्याच्या ईमेलची कमिट पाठवण्याची) परवानगी सगळ्यांना देण्याचा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. तो ऐकू नका. कोणती ओळ कोणी लिहिली याचा भरवसाच त्यातून जातो.

परवानग्यांकडे वळू. सगळ्या रेपोंना वारशाने मिळणाऱ्या परवानग्या 'ऑल-प्रोजेक्ट्स' नावाच्या रेपोमध्ये असतात. नव्या साइटवर तिथे रीडची परवानगी 'अॅनॉनिमस यूझर्स'ना दिलेली असते, म्हणजे लॉगिन न करताही कोड वाचता येतो. खुल्या प्रकल्पांना ते बरोबर आहे. तुमच्या कराराला ते चालणार नाही. ती काढून 'रजिस्टर्ड यूझर्स'ना द्या आणि मग ब्राउझरच्या खासगी खिडकीतून स्वतः उघडून बघा. रेफ्स/हेड्सवर, म्हणजे रिव्ह्यू टाळून ब्रँचवर, थेट पुशची परवानगी टीममध्ये कोणालाही देऊ नका, टीम लीडलाही नाही. एकदा 'घाईचं होतं' म्हणून दार उघडलं की पुढे प्रत्येक शुक्रवारी संध्याकाळी काहीतरी घाईचं असतंच.

स्वतःच्याच चेंजला स्वतः +२ (पूर्ण मान्यतेचं मत) देण्याचं काय, हाही प्रश्न येणार. मूळ रचनेत ज्याला +२ चा अधिकार आहे तो स्वतःच्या कामालाही ते देऊ शकतो. हल्लीच्या आवृत्त्यांत सबमिट रिक्वायरमेंट नावाची सोय आहे. त्यात 'कोड-रिव्ह्यू सर्वोच्च हवा, पण तो अपलोड करणाऱ्याचा धरू नये' अशी अट लिहिता येते, आणि ती खालच्या प्रोजेक्टना बदलता येणार नाही असंही ठरवता येतं. माझ्या मते ही अट पहिल्या दिवसापासून असावी. सवय लागल्यावर ती आणली तर लोकांना आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. सुरुवातीपासून असली तर कोणाचं लक्षही जात नाही.

टीमच्या मशीनवर एकच गोष्ट बसवायची आहे : कमिट-मेसेज हूक, म्हणजे कमिट करताना आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट. प्रत्येक कमिटच्या संदेशात शेवटी चेंज-आयडीची ओळ तो घालतो, आणि त्या ओळीवरूनच गेरिटला कळतं की हा नवा चेंज नसून जुन्याचाच पुढचा पॅचसेट आहे. हूक सर्व्हरवरूनच मिळतो, टूल्स/हूक्स या पत्त्यावर. एससीपीने आणणार असाल तर नव्या ओपनएसएसएचमध्ये मोठ्या 'ओ'चा पर्याय द्यावा लागतो, कारण नवीन एससीपी आतून एसएफटीपी वापरतं आणि गेरिटच्या एसएसएच सर्व्हरला ते कळत नाही. यानंतर पुश नेहमीच्या मेनवर न करता रेफ्स/फॉर/मेनवर करायचा. 'चेंज-आयडी नाही' अशी चूक आली तर हूक बसवून कमिट अमेंड करायची आणि परत पुश करायचा, एवढंच. एसएसएचचं पोर्ट २९४१८ असतं. घरून काम करणाऱ्यांच्या व्हीपीएनमध्ये ते उघडं आहे ना, हे नेटवर्कवाल्यांना आधीच विचारून ठेवा.

जेनकिन्स दुसऱ्या टप्प्यात जोडा. त्यासाठी वेगळं खातं काढून ते 'सर्व्हिस यूझर्स' गटात घाला, स्ट्रीम-इव्हेंट्सची (नव्या घडामोडी लगेच कळण्याची) परवानगी आणि व्हेरिफाइडवर -१ ते +१ एवढा अधिकार द्या. कोड-रिव्ह्यूवर मत देण्याचा अधिकार त्याला नको.

बॅकअपच्या बाबतीत नोटडीबीमुळे काम फार सोपं झालंय. गिट फोल्डरमधले सगळे रेपो, त्यातही ऑल-प्रोजेक्ट्स आणि ऑल-यूझर्स हे दोन न विसरता, आणि साइटमधलं ईटीसी फोल्डर. पासवर्ड असलेली सिक्युअर.कॉन्फिग आणि एसएसएचच्या होस्ट की ईटीसीमध्येच असतात, म्हणून ती प्रत कुठे ठेवता तेही जपा. इंडेक्सचा (शोधासाठीच्या सूचीचा) बॅकअप नसला तरी चालतो, तो री-इंडेक्सने परत बांधता येतो. रेप्लिकेशन प्लगइनने दुसऱ्या मशीनवर प्रत जात असली तरी रोजचा बॅकअप वेगळा घ्या. चुकीचा फोर्स पुश तिकडेही लगेच पोचतो. आणि तो बॅकअप एकदा रिकाम्या मशीनवर उभा करून, जुन्या चेंजवरच्या कॉमेंट दिसतात का ते बघा.

आवृत्ती वाढवताना सर्व्हर थांबवायचा, नव्या वॉरने त्याच साइटवर इनिट चालवायचं, री-इंडेक्स करायचं आणि सुरू करायचा. तुमची साइट नवी असल्याने २.x ची भानगड तुम्हाला नाही, पण मधल्या आवृत्त्या वगळून एकदम मोठी उडी मारू नका. प्रत्येक आवृत्तीच्या रिलीज नोट्स आधी वाचा. एन्जिनएक्सचा दांडा काढूनही ४०४ राहिला तर प्रॉक्सी-पासची ओळ आणि गेरिट.कॉन्फिगमधला एचटीटीपीडीचा भाग इथे टाका, मी बघतो. सिक्युअर.कॉन्फिग मात्र टाकू नका.