विजयदुर्गाच्या तटावरून पक्षी बघायची सवय होती. आता बदली होऊन साताऱ्यात आलोय, इथे कुठे जावं?

अजिंक्यताऱ्यावर जा. गड शहराच्या डोक्यावरच आहे. दरवाजाजवळपर्यंत गाडी जाते, तरी तुम्ही पायीच चढा. वाटेतल्या झाडीत सकाळी सकाळी तांबट, दयाळ, शिंजीर, सातभाई असे सगळे भेटतात, गाडीतून यातलं काहीच दिसत नाही.

समुद्रकाठचे समुद्रगरुड आणि कुरव इथे मिळायचे नाहीत. पण विजयदुर्गावर घार बघायला मान वर करावी लागत असेल, इथे ती तुमच्या पायाखालून जाते. मी आठ वर्षं या गडावर जातेय, तरी त्या क्षणी अजून अंगावर काटा येतो. ऊन तापलं की गरम हवा वर उठते, कड्याला धडकलेला वाराही वर उसळतो आणि शिकारी पक्षी त्याच्यावर पंख पसरून नुसते तरंगत राहतात. म्हणून छोट्या पक्ष्यांसाठी उजाडताना या, आणि शिकाऱ्यांसाठी नऊ-दहापर्यंत थांबा. हिवाळ्यात मंगळाई बुरुजाच्या बाजूला बसून रहा. खरूची, म्हणजे छोटा ससाणा, एका जागी पंख फडफडवत हवेत थबकते, तेव्हा तिची विटकरी पाठ वरून दिसते. खालून बघणाऱ्याला फक्त पोट दिसतं. कड्यावरच्या दगडांवर शैलकस्तुर हा निळसर पक्षी दिसतो का तेही बघा, तो याच दिवसांत पाहुणा येतो.

पाणपक्षी हवे असतील तर खटाव तालुक्यातला मायणीचा तलाव आहे, त्याबद्दल वेगळं विचारा.

आता एक मनाला लागलेली गोष्ट. आम्ही काहीजण रविवारी गडाची साफसफाई करतो. तटात उगवलेली पिंपळाची रोपं काढावीच लागतात, मुळं चिरे फोडतात. एका मे महिन्यात आम्ही एक फट साफ करत होतो. झुडूप उपटलं आणि आत चिरक या छोट्या पक्ष्याचं घरटं उघडं पडलं, तीन पिल्लं होती. झुडूप परत लावून आम्ही लांब जाऊन बसलो. नर समोरच्या दगडावर शेपटी ताठ करून ओरडत राहिला, पण संध्याकाळपर्यंत नर-मादी दोघांपैकी कोणीही आत गेलं नाही. दुसऱ्या दिवशी फट रिकामी होती. गड वाचवायला गेलो होतो आणि तिथे राहणाऱ्यांचंच घर मोडलं. तेव्हापासून आमचं तटाचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि जानेवारीअखेर थांबतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावू नका, घरट्याचे फोटो जागेसकट कुठे टाकू नका. आणि मार्च ते जूनमध्ये चिरकाची मादी चोचीत गवत घेऊन एखाद्या फटीत शिरताना दिसली, तर ती जागा नीट लक्षात ठेवा. रविवारी घमेली-कुदळी घेतलेली मंडळी गडावर भेटतील. त्यांना नेऊन ती फट दाखवा.