प्रार्थना करूनही उत्तर मिळत नाही. धीर आणि देवावरचा विश्वास शिकायचा तरी कसा?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने रोज प्रार्थना करताय, मागितलेलं काही मिळत नाही, आणि मंडळीतली माणसं ‘धीर धरा, विश्वास वाढवा’ एवढंच सांगतात. धीर धरायचा म्हणजे रोज उठून नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. माझ्यापुरतं जे कळलं ते लिहिते.

वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाने माझ्याशी बोलणं तोडलं. मी रोज रात्री प्रार्थनेला बसायचे: ‘प्रभू, त्याला त्याची चूक कळू दे.’ वर्षभर हेच. वर मनात हिशेब चालू. इतके दिवस मागितलं, इतके उपास केले, आता तुझी पाळी. धीर वाढणं दूरच, मी रोज रात्री त्याच जखमेची खपली काढत होते. बसले त्यापेक्षा जास्त चिडून उठायचे.

पहिला फरक पडला तो पवित्र शास्त्रातल्या 13व्या स्तोत्राने. जेमतेम सहा वचनांचं स्तोत्र आहे. पहिल्या दोन वचनांत चार वेळा एकच प्रश्न येतो: कुठवर? तोपर्यंत मला वाटायचं, देवाकडे कुरकुर केली की विश्वास कमी पडला. म्हणून मी शहाण्यासारखी गोड गोड प्रार्थना करायचे आणि राग मागच्या दाराने भावावर काढायचे. आणि 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा म्हणून एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी गाळलं नाही. त्यानंतर मी देवाशी जरा खरं बोलायला लागले. पहिल्या रात्री नुसती रडले, प्रार्थना अशी झालीच नाही. पण त्या रात्री झोप लागली.

दुसरी गोष्ट रोजच्या भाकरीची. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ हे प्रभूच्या प्रार्थनेत आपण पाठ म्हणतो, त्यातल्या ‘आज’वर मी कधी थांबले नव्हते. पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकात रानात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळतं, तेही त्या दिवसापुरतं. उद्यासाठी राखून ठेवलेल्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. माझी अडचण हीच होती की मी पुढच्या पाच वर्षांचा धीर एकदम मागत होते. भाऊ कधीच बोलला नाही तर? आई गेल्यावरही नाही बोलला तर? त्या ‘तर’साठी लागणारं बळ आज कुठून येणार? मग मी एका दिवसाचं मागायला लागले: आज त्याच्याबद्दल कोणाकडे वाईट बोलायचं नाही, एवढं जमू दे. काही दिवस जमलं. काही दिवस बहिणीला फोन लावून सगळं ओकले.

लूकच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायात न्यायासाठी न्यायाधीशाच्या मागे लागलेल्या विधवेचा दाखला आहे, तो तुम्हाला कोणीतरी ऐकवला असेलच. त्यावरून ‘देवाच्या मागे लागा, तो कंटाळून देईल’ असं सांगतात, ते मला पटत नाही. तो न्यायाधीश अन्यायी आहे. असा माणूससुद्धा शेवटी न्याय देतो, मग देव किती अधिक देईल, असा येशूचा रोख आहे. मी मात्र देवालाच तो न्यायाधीश समजून दार ठोठावत होते.

आणि ‘विश्वास असता तर मिळालं असतं’ असं म्हणणाऱ्यांना गेथशेमानेची, म्हणजे येशूने अटकेआधी जिथे प्रार्थना केली त्या बागेची, आठवण करून द्या. ‘हा दुःखाचा प्याला टळू दे’ अशी प्रार्थना येशूने तिथे तीनदा केली आणि प्याला टळला नाही. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ एवढं आश्वासन. या दोघांचा विश्वास कमी होता का?

माझं म्हणाल तर दुसऱ्या वर्षी कधीतरी प्रार्थनेतलं वाक्य आपोआप बदललं. ‘त्याला चूक कळू दे’च्या जागी ‘त्याला सांभाळ’ आलं. मग बऱ्याच दिवसांनी, ‘माझं कुठे चुकलं ते दाखव.’ हे मी ठरवून केलं नाही. ठरवून केलं असतं तर ते नाटकच झालं असतं. दाखवलंही गेलं, आणि ते बघणं सुखाचं नव्हतं. मी त्याला चिठ्ठी लिहिली. उत्तर आलं नाही. आता साडेतीन वर्षं झाली. मध्यंतरी आईच्या औषधांबद्दल विचारायला त्याचा फोन आला, दोन मिनिटं. बाकी काही बोलला नाही, मीही विषय काढला नाही.

एक सांगायचं राहिलं: प्रार्थना करताय म्हणून डॉक्टर, वकील, अर्ज, माफी, जे आपल्या हातात आहे ते थांबवू नका. मी चिठ्ठी लिहायला दीड वर्ष लावलं आणि त्याला ‘देवाची वाट पाहणं’ म्हणत होते. ती भीती होती.

आज रात्री 13वं स्तोत्र मोठ्याने वाचून बघा, दोन मिनिटं लागतात. भरवशाचे शब्द पाचव्या वचनात येतात. तिथवर मन गेलं नाही, तर दुसऱ्या वचनावर थांबा आणि उद्या तिथूनच पुढे वाचा.