आधी कोणती डिस्क गेली?

ताई, नमस्कार.

तुमचे यजमान नोकरीला आहेत त्या डिचोलीच्या पतसंस्थेचा सर्व्हर चवथीच्या तोंडावर बंद पडला. चारपैकी दोन डिस्क गेल्या. बाहेरून आलेल्या तंत्रज्ञाने सगळी खाती परत मिळवली, आणि बारावी सायन्सला असलेला तुमचा मुलगा आठ दिवस त्याच्या शेजारी बसून होता. आता तो म्हणतो, हेच शिकायचं. ‘दुरुस्तीच्या कामात आयुष्य घालवू द्यायचं का?’ असं तुम्ही विचारलंय.

घालवू द्या. फक्त ही दुरुस्ती नव्हे, हा तपास आहे.

अशा सर्व्हरमध्ये अनेकदा रेड-5 रचना असते, म्हणजे अनेक डिस्क मिळून एकच साठा. माहिती तुकड्यांनी सगळ्या डिस्कवर पसरते आणि दर ओळीत एक तुकडा ताळ्याचा असतो. तीन डिस्कवर 1, 0, 1 असेल तर चौथीवर 0, म्हणजे एकांची संख्या सम. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिचा आकडा काढता येतो. दोन गेल्या की गणित अडतं. पण दोन्ही बहुधा एका दिवशी जात नाहीत. पहिली अनेकदा बऱ्याच आधी गेलेली असते, तिचा लाल दिवा कोणी पाहिलेला नसतो. तिच्यावरची माहिती शिळी. घाईत तीच जोडून ‘रीबिल्ड’ (डिस्कवरची माहिती पुन्हा जुळवून लिहिणं) चालवलं, तर जुन्या-नव्या नोंदींची खिचडी होते आणि वाचण्यासारखं होतं तेही जातं. म्हणून जाणता माणूस आधी सर्व्हर बंद करतो, प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत काढतो, मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. मग आधी कोणती गेली, डिस्कचा क्रम काय, तुकडा केवढा, हे प्रतींवरच शोधतो, आणि शिळी डिस्क वगळून उरलेल्या तिघींवरून माहिती जुळवतो. तुमच्या मुलाने आठ दिवस पाहिला तो बहुतेक हाच संयम असावा. त्याचं त्याला आकर्षण वाटलं, याचा मला फार आनंद झाला.

शिक्षणाचं म्हणाल तर कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊ द्या. फर्मागुडीचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय घरापासून लांब नाही. तीन महिन्यांच्या ‘डेटा रिकव्हरी’ प्रमाणपत्रावर आत्ता पैसे घालू नका. फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत), लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आणि सी किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी पक्की झाल्यावर ते कामाला येईल. नोकरीची सुरुवात मात्र सर्व्हर सांभाळण्यातून होईल, वेर्ण्याच्या कारखान्यात, एखाद्या हॉटेलात, बँकेत. डिस्कच्या आतलं वाचणारं हेड बदलण्यासाठी ती उघडायची तर धूळमुक्त खोली लागते, तशा प्रयोगशाळांसाठी त्याला बहुधा मोठ्या शहरात जावं लागेल. हे आधीच सांगून ठेवते.

तोवर घरच्या संगणकावर लिनक्स घालून चार रिकाम्या फाइल्सना डिस्क मानून एमडीएडीएम या लिनक्समधल्या साधनाने रेड-5 बनवू दे. चवथीचे फोटो भरू दे, एक फाइल पुसून ते परत मिळवू दे. जमलं की पुन्हा चारही प्रती घेऊन क्रम आणि तुकड्याचा आकार मुद्दाम विसरून ते शोधू दे. महिनाभर यात रमला, तर आवड खरी आहे असं मी मानीन.

एक मात्र सांभाळा. सरावासाठी पतसंस्थेतली ती बिघडलेली डिस्क त्याला मागू देऊ नका, यजमानांनीही देऊ नये. तिच्यावर अजून सभासदांच्या ठेवी आणि कर्जं आहेत. घरातलीच एखादी जुनी डिस्क द्या.