लांब नळीच्या दूधबाटलीला ‘खुनी बाटली’ का म्हणत?

आपण लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये तान्ह्या बाळांना दूध पाजण्याची, लांब रबरी नळी असलेली काचेची बाटली पाहिली आणि सोबतच्या कोणीतरी तिला ‘खुनी बाटली’ म्हटले, असे आपण लिहिले आहे. ती खरोखर इतकी घातक होती का, असेल तर आया ती का वापरत, आणि त्या काळी आपल्याकडे काय वापरत, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी बावीस वर्षे नवजात शिशू विभागात परिचारिका होते. निवृत्तीनंतर मुलीकडे लंडनला गेले असताना याच वैद्यकीय दालनांत दोनदा जाऊन आले, आणि दोन्ही वेळा सर्वांत जास्त वेळ दूध पाजण्याच्या जुन्या वस्तूंपाशीच गेला.

ही दालने २०१९ मध्ये नव्याने उघडली असून त्यांत तीन हजारांहून अधिक वस्तू मांडलेल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा वस्तू हेन्री वेलकम या औषध व्यावसायिकाने आयुष्यभर जमवलेल्या लाखाहून अधिक वस्तूंपैकी आहेत. शस्त्रक्रियेची हत्यारे आणि मोठी यंत्रे पाहायला तिथे गर्दी असते, बाळाच्या बाटल्यांपाशी मात्र बहुतेक लोक क्षणभर थांबून पुढे जातात. म्हणूनच आपण थांबून प्रश्न विचारला याचे मला मनापासून बरे वाटले.

आधी ती वस्तू नीट पाहू. बाटली जाड काचेची, चपटी, कासवाच्या पाठीसारखी फुगीर असते, म्हणजे ती बाळाच्या शेजारी अंथरुणावर आडवी ठेवता येते. काचेवर उठावाच्या अक्षरांत नाव असते. ‘अलेक्झांड्रा’ हे राजघराण्यातल्या सुनेचे नाव अशा बाटल्यांना दिलेले होते, त्यावरून त्या कोणत्या थाटात विकल्या जात हे कळते. तोंडाला आट्यांचे बूच असते, बुचातून एक काचेची नळी आत तळापर्यंत उतरते, बाहेर तिला वीतभराहून लांब रबरी नळी जोडलेली असते, आणि तिच्या टोकाला हाडाची चकती व त्यावर रबरी बोंड असते. संग्रहालयांत पुष्कळदा काच तेवढी शाबूत राहिलेली दिसते. रबर एक तर गळून गेलेले असते किंवा वाळून लाकडासारखे कडक झालेले असते. खरा धोका त्या रबरातच होता, आणि तेच नाहीसे झाल्यामुळे उरलेली बाटली पाहणाऱ्याला अगदी निरुपद्रवी वाटते.

बाळ चोखू लागले की दूध काचेच्या नळीतून वर चढून रबरी नळीत येई, आणि चोखणे थांबले की नळीभर दूध तसेच राही. त्यात बाळाची लाळ मागे येई, सायीचा चिकट थर आतून धरे, आणि शेगडीशेजारच्या उबदार खोलीत काही तासांत त्याला आंबूस वास येऊ लागे. काचेची बाटली गरम पाण्याने विसळता येई, परंतु नळीत बोट जात नसे, आणि नळीसोबत लहान ब्रश मिळाला तरी बुचाच्या सांध्यापाशी आणि चकतीच्या आत तो पोहोचत नसे. पुढच्या वेळी ताजे दूध भरले, तरी ते त्या जुन्या थरावरूनच बाळाच्या पोटात जाई.

हे मला वाचून कळले असे नाही. आमच्या विभागात जुलाबाने सुकलेली बाळे येत, आणि सोबतच्या पिशवीत बहुधा बाटली असे. आई सांगे, “सिस्टर, मी रोज धुते हो.” ती खोटे बोलत नसे. मी तिच्यासमोर ते निपल कात्रीने उभे चिरत असे आणि आतली बाजू उलटून तिच्या बोटाखाली देत असे. टोकाच्या छिद्राभोवती पिवळट, बुळबुळीत पापुद्रा असे, नखाने खरवडला की सुटून येणारा. ज्या आईने एकदा तो बोटाने पाहिला, तिला पुढे काही समजावून सांगावे लागत नसे. हे दीड इंचाच्या निपलचे झाले. वीतभर नळी उभी चिरली असती तर आत काय दिसले असते, हाच विचार त्या कपाटासमोर उभी असताना माझ्या मनात येत होता.

मग आया ती का वापरत, हा आपला दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. बाटली आडवी ठेवून नळीचे बोंड बाळाच्या तोंडात दिले की त्याला मांडीवर घ्यावे लागत नसे. गिरणीत कामाला जाणाऱ्या बाईला किंवा घरकाम आणि चार मुले एकटीने सांभाळणाऱ्या आईला हीच सोय हवी होती. बाळाजवळ सात-आठ वर्षांची बहीण बसवून आई कामावर जाऊ शके. १८६० च्या दशकात ही बाटली पसरू लागली तेव्हा जुलाब कशाने होतात याचा जंतूंशी असलेला संबंध सामान्य घरात पोहोचलेला नव्हता, आणि घरोघरी मिळणारा सल्लाही तसाच होता. इझाबेला बीटन यांचे गृहव्यवस्थेवरचे अतिशय खपाचे पुस्तक १८६१ मध्ये निघाले. बाटलीला त्या काळी वासराच्या सडाचे बोंडही बांधत. ते एकदा बांधले की नवे बांधायची वेळ येईपर्यंत काढायचे कारण नाही, आणि ती वेळ साधारण पंधरा दिवसांत एकदा येते, असे त्या पुस्तकात सांगितले होते. आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण त्या बाईंना दोष देण्याआधी हेही लक्षात घ्यावे की त्या स्वतः १८६५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, चौथ्या बाळंतपणानंतर बाळंतज्वराने गेल्या. डॉक्टरांनी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी प्रसूतीपूर्वी क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले की हा ज्वर कमी होतो, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ पासून दाखवून दिले होते, परंतु त्यांचे म्हणणे वैद्यकीय जगाने फार उशिरा मानले. न दिसणारी घाण हातावर होती, तशी नळीतही होती, आणि लेखिका असो की गिरणी कामगार, तिच्यापर्यंत ही माहिती कोणी पोहोचवलीच नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. ही बाटली घातक होतीच, पण आंतरजालावर ‘ही बाटली वापरणाऱ्या दहा बाळांपैकी दोनच जगत’ असे जे लिहिलेले आढळते, त्यावर विश्वास ठेवू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८९९ साली हजार जिवंत जन्मांमागे १६३ बाळे वर्षाच्या आत दगावली. हा आकडा भयंकर आहे, आणि उन्हाळ्यातील जुलाबांचा त्यात मोठा वाटा होता. तरी इतक्या घरांत पोहोचलेल्या बाटलीने दहांतील आठ बाळे नेली असती, तर देशाच्या नोंदींत त्याहून फार मोठा आकडा दिसला असता. शिवाय बाटलीच्या नावावर मृत्यू वेगळे काढता येत नाहीत, कारण तिच्यात भरले जाणारे दूधच पुष्कळदा नासके, पाणी घातलेले आणि न उकळलेले असे, आणि गरीब घरांत स्वस्त पडणाऱ्या, साय काढलेल्या डब्यातल्या आटीव दुधात बाळाच्या वाढीपुरती चरबीच नसे. म्हणूनच फ्रान्समध्ये फेकां येथे लिआँ द्यूफूर यांनी १८९४ मध्ये, आणि इंग्लंडमध्ये सेंट हेलन्सच्या नगरपालिकेने १८९९ मध्ये, बाळांसाठी निर्जंतुक दूध देणारी केंद्रे काढली. नळीच्या बाटलीवर फ्रान्सने १९१० मध्ये कायद्याने बंदी घातली. इंग्लंडमध्ये तिची जागा होडीच्या आकाराच्या, दोन्ही टोकांना उघड्या बाटलीने घेतली. तिच्या एका तोंडाला निपल आणि दुसऱ्याला रबरी झडप असे, दोन्ही काढून नळाखाली धरले की पाणी आरपार जाई. पुन्हा कधी त्या दालनात गेलात तर या दोन बाटल्या एकामागोमाग पाहा.

त्याआधीची चिनी मातीची किंवा शिसे मिसळलेल्या कथलाची होडीसारखी उघडी भांडी तिथेच दिसतात. ती धुवायला सोपी होती, पण त्यांतून बाळाला पावाची पातळ पेज पाजत, आणि तिच्यावर तान्हे बाळ कसे तगणार?

आपल्याकडे अंगावरचे दूध नसेल तर दूधआई, नाहीतर वरचे दूध, आणि वरचे दूध पाजायला वाटी-चमचा, शिंपला किंवा बोंडले. माझ्या आजीचे चांदीचे बोंडले माझ्याकडे आहे. तळहातात मावेल एवढी उथळ वाटी आणि पुढे निमुळती होत गेलेली उघडी तोटी, तिच्या कडेला कोणाच्या तरी दातांची बारीक खूण. माझ्या वडिलांची असावी, असे आत्या म्हणत असे. ते भांडे इतके उघडे आहे की आतला कोणताही भाग डोळ्यांआड राहत नाही, राखेने घासून उकळत्या पाण्यातून काढले की झाले. मात्र यावरून आपल्या जुन्या चालीरीती सगळ्याच शहाणपणाच्या होत्या असे मी म्हणणार नाही. त्याच आजीच्या पिढीत पहिला चीक पिळून टाकत आणि बाळाला आधी मध चाटवत. या दोन्ही गोष्टी बंद करवण्यासाठी मला प्रसूतिकक्षात अनेक आज्यांशी अक्षरशः हुज्जत घालावी लागली आहे.

बोंडले मात्र इस्पितळात टिकले. कमी दिवसांच्या बाळाला चोखता येत नाही, तेव्हा आईने काढून दिलेले दूध आम्ही स्टीलच्या बोंडल्याने पाजत असू. दक्षिणेकडून आलेल्या सहकारी त्याला पालाडै म्हणत, आणि विभागात दोन्ही नावे चालत. बाळाला अर्धवट उठवून धरायचे, तोटी ओठाच्या कोपऱ्याशी टेकवायची, थोडेसे दूध सोडायचे आणि गिळण्याची वाट पाहायची. घाईने ओतले तर दूध श्वासनलिकेत जाते, म्हणून ते शिकलेल्या हातानेच करावे लागते. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला मनाई आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्या घरात असे जुने भांडे असेल तर त्याने बाळाला दूध पाजू नका, कारण धातू कोणता आहे याची खात्री नसते. पण ते मोडीतही देऊ नका. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले असेल, तर दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जपल्याने काय उभे राहते हे आपल्याला माहीत आहे, आणि त्या संग्रहालयाला दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचे नाव दिले आहे. भांडे चकाकेपर्यंत घासू नका, पोचे ठोकून काढू नका. ते कोणाच्या बारशाला आले, त्यातून कोणाला पाजले, पाजणारी कोण होती आणि त्या वेळी आईचे दूध का नव्हते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद भांड्यासोबत ठेवा. माझ्या बोंडल्यासोबतच्या कागदावर चार ओळी आहेत. आत्या गेल्यामुळे पाचवी लिहायची राहून गेली.