गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो दर वेळी एक्ससीएफमध्येच (गिंपचा स्वतःचा फाइल प्रकार) सेव्ह होतो, थेट जेपीजी कसा करायचा?

सेव्ह केलं की जेपीजीच व्हावा, अशी सेटिंग गिंपमध्ये नाही. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून 'सेव्ह' फक्त एक्ससीएफसाठी आहे. बाकी सगळं 'एक्स्पोर्ट'मधून.

पण एक्स्पोर्टचा डीफॉल्ट बदलता येतो. २.१० मध्ये एडिट, मग प्रेफरन्सेस, त्यात 'इमेज इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट' उघडा. तिथे डीफॉल्ट फाइल टाइप पीएनजी असतो, तो जेपीजी करा. मग कंट्रोल-शिफ्ट-ई दाबलं की नावापुढे आपोआप जेपीजी येईल. क्वालिटीच्या खिडकीत आकडा ९० दिसतो. मी छपाईसाठी ९५ ठेवतो. हवा तो आकडा टाकून खालचं 'सेव्ह डीफॉल्ट्स' दाबा, म्हणजे दर वेळी सरकवत बसायला नको.

उघडलेला फोटो मुळात जेपीजीच असेल, तर फाइल मेनूत 'ओव्हरराइट' दिसतं. ते मात्र जपून वापरा, मूळ फोटो जातो.

आणि एक्ससीएफचा कंटाळा करू नका, ही कळकळीची विनंती. त्यात अक्षरं आणि चित्रं वेगवेगळ्या थरांत राहतात, म्हणून नंतर बदलता येतात; जेपीजीत सगळं एक होतं. बहिणीच्या लग्नपत्रिकेचा मी फक्त जेपीजी ठेवला होता. आदल्या रात्री मुहूर्ताची वेळ बदलली आणि अक्षरं फोटोत मिसळून गेलेली! सगळी पत्रिका पहिल्यापासून करावी लागली.