उत्तर : क्लेसची सही असलेलं होड्यांचं चित्र – आधी चित्राची पाठ सांभाळा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी मळमळ वर आली. जुन्या बाजारात मिळालेलं लाकडी फळीवरचं छोटं चित्र, संथ पाण्यात होड्या, कोपऱ्यात 'पी. जे. क्लेस' (एकोणिसाव्या शतकातला बेल्जियन सागरचित्रकार) अशी सही, मागे अर्धवट फाटलेला तपकिरी कागद; ते तुम्हाला पुण्याला न्यायचंय. आणि मूल्यांकनवाले म्हणतात, "ठेवून जा, फ्रेम उघडून बघतो." ठेवून येऊ नका. निदान पाठीचे फोटो काढेपर्यंत तरी नकोच.

आधीच सांगतो, मी कलेतिहासाचा माणूस नाही. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, मुक्काम ब्रसेल्सला, नाद जुन्या सागरचित्रांचा. फोटोवरून खरं-खोटं कोणीच सांगू नये, मी तर नाहीच नाही. गूगलवर फोटो टाकून शोधणं वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

माझंही असंच एक चित्र इथल्या एका लिलावगृहाने तपासायला ठेवून घेतलं होतं (नाव लिहीत नाही, वकिलाचं पत्र नको). काही आठवड्यांनी बघायला गेलो तर पाठीवर नवा कोरा गुळगुळीत कागद. जुना कुठे? टाकला. त्या कागदावर कुठल्याशा दुकानाचं अर्धं लेबल होतं, निळ्या पेन्सिलीने लिहिलेला आकडा होता, एका आडनावाची सुरुवातीची अक्षरं होती. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, धुळीचा कागद बदलून देणं ही आमची मोफत सेवा आहे. मोफत! पुढे कॅटलॉगचा मसुदा आला, त्यात 'क्लेसच्या शैलीतील'. कारण? चित्राचा पूर्वेतिहास उपलब्ध नाही. तो ज्यांनी कचऱ्यात घातला तेच हे मला समजावत होते. तक्रार फ्रेंचमध्ये केली तर उत्तर डचमध्ये, डचमध्ये केली तर दुसऱ्या विभागाचा पत्ता, शेवटी छापील नियम-अटी. चित्र परत आणलं. अजून डोकं फिरतं.

आता तुम्ही म्हणाल, एका कागदाने एवढं काय बिघडतं? लिलावाच्या कॅटलॉगात नुसतं चित्रकाराचं नाव छापणं वेगळं आणि 'ॲट्रिब्युटेड टू' (बहुधा त्याचंच), 'सर्कल ऑफ' (त्याच्या वर्तुळातल्याचं), 'फॉलोअर ऑफ' (अनुयायाचं), 'मॅनर ऑफ' (नुसत्या शैलीतलं) हे वेगळं. एकेक पायरी उतरलात की भाव कोसळतो. पायरी ठरवताना चित्र कोणाकोणाच्या हातून आलं हे बघतात, आणि तो माग बहुतेक वेळा पाठीवरच असतो: लेबलं, खडूचे आकडे, रंगसाहित्य विकणाऱ्याचा शिक्का. ब्रसेल्सच्या सां-जोस भागातल्या फेलिक्स मोमेनसारख्या रंगसाहित्य विक्रेत्याचा शिक्का मिळाला तर फळी साधारण कधीची आणि कुठली याचा अंदाज तरी बांधता येतो. सही खरी ठरते असं नाही, हेही लक्षात ठेवा.

क्लेसच्या बाबतीत जास्तच जपायला हवं. पॉल झाँ क्लेस, जन्म ब्रुज १८१९, मृत्यू १९००. जिवंतपणीच त्याची चित्रं चढ्या भावाने जात होती. अशा माणसाची सही दुसऱ्याच्या होड्यांखाली चढवायचा मोह कोणाला होणार नाही? त्याचा गुरू थिओडोर ग्युदँ, फ्रेंच सागरचित्रकार. त्या काळी युरोपात समुद्र काढायचा म्हणजे वादळ, फुटलेलं जहाज आणि फळकुटाला लटकलेली माणसं. क्लेसने हे सोडलं. नदीचं रुंद मुख, वारा पडलेला, डांबर फासलेल्या होड्या, पाण्यात सरकणारे ढग. अँटवर्पवरून हॉलंडमार्गे समुद्राला मिळणारी शेल्ड्ट नदी त्याने आयुष्यभर काढली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं व्लिसिंगेनजवळच्या (शेल्ड्टच्या मुखावरचं डच बंदर) जहाजांचं १८६९ चं चित्र आहे. १८६३ साली बेल्जियमने हॉलंडचा शेल्ड्टवरचा जहाजकर पैसे मोजून कायमचा सोडवून घेतल्यावर अँटवर्पमध्ये जो उत्सव झाला, त्याचंही चित्र त्याने काढलं. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेलं. राणी व्हिक्टोरिया बेल्जियमच्या किनाऱ्यावर ऑस्टेंडला उतरली, तेही त्याने रंगवलं, पण मला विचाराल तर त्याचा जीव बिननावाच्या होड्यांत होता.

बाजाराला मात्र वादळच आवडतं. ऑस्टेंडच्या फ्रांस्वा म्युझँच्या (१८२०–१८८८) उसळत्या लाटांसमोर लोक थांबतात, क्लेससमोरून पुढे जातात. माझ्या मते हा शुद्ध अडाणीपणा आहे. खवळलेल्या पाण्यात चुकलेला फटकारा खपून जातो, संथ पाण्यात प्रतिबिंब एक बोट हललं तरी दिसतं. जाड, ओबडधोबड रंगाचा समुद्र हवा असेल तर लुई आर्ताँ (१८३७–१८९०) बघा, तो निराळाच गडी.

जरा विषयांतर. तुमच्या फोटोतली शिडं तांबूस तपकिरी आहेत म्हणून विचारलंत ना, की रंग उडालाय का? नाही. शिडं आणि जाळी कुजू नयेत म्हणून उत्तर समुद्रावरचे कोळी ती ओकच्या सालीच्या काढ्यात भिजवत, आणि एकोणिसाव्या शतकात कातात. हो, खैराचा कात, आपल्या विड्यातला. तो हिंदुस्थान-ब्रह्मदेशातून युरोपात जायचा. तुमच्या चित्रातली शिडं कशात बुडवली होती ते सांगता येणार नाही, पण तो रंग मुळातलाच असतो. होडीच्या कुशीला लटकलेला पंख्यासारखा फळाही डाग नव्हे. सपाट तळाची होडी वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून तो पाण्यात सोडतात.

सहीचं म्हणाल तर भिंग घ्या. जुन्या रंगाला तडे गेलेले असतात. सहीचा रंग त्या तड्यांत उतरला असेल तर सही मागाहून आलेली आहे. तडा सहीलाही चिरत गेला असेल तर बरं लक्षण. रिस्टोररकडे (जुनी चित्रं दुरुस्त करणारा) अल्ट्राव्हायोलेट दिवा असतो; त्याखाली जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतरची रंगरंगोटी काळपट दिसते. साफसफाई याच्या नंतर. "आधी पुसून घेऊ, मग बघू" म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा. तुलनेसाठी हेगच्या आरकेडी या कलेतिहास संस्थेचा आणि ब्रसेल्सच्या शाही वारसा संस्थेचा, दोन्ही चित्रसंग्रह घरबसल्या फुकट बघता येतात.

पुण्याला नेण्याबद्दल: ५० वर्षांहून जुनं आणि दीड लाख युरोंहून महाग चित्र युरोपीय संघाबाहेर न्यायला परवाना लागतो. तुमचं तेवढं निघालं तर मला जेवायला बोलवा. त्याहून महत्त्वाचं उलट टोकाला आहे. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी चित्रं येतात, आणि व्याख्येत 'भारतीयच' अशी अट नाही. एकदा तिकडे गेलं की पुन्हा बाहेर काढणं अवघड होऊ शकतं, म्हणून आणतानाची कस्टमची कागदं आणि बिल जपा. मी वकील नाही, निघण्याआधी जाणकाराला विचारा. आणि चित्र लाकडावर आहे, पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, फळी वाकते.